नऊच्या ठोक्याची कॅप्सूल

अल्पना नेमकं काय काम करते, हे तिच्या आईलाही धड सांगता येत नसे. लग्नकार्यात कुणी विचारलंच तर आई म्हणे, "दवाखान्यात औषधांचं बघते," आणि पुढचा प्रश्न यायच्या आत पंगतीकडे वळे. शेजारपाजारचे तर सरळ 'मेडिकलवाली' म्हणून मोकळे होत. क्लिनिकल फार्मासिस्ट म्हणजे काय, हे समजावून सांगायचा नाद अल्पनानं केव्हाच सोडला होता.

काम तसं साधंच. डॉक्टर औषध लिहितात, दुकानदार देतो आणि पिशवीतून ते घरी जातं. घरी गेल्यावर त्याचं काय होतं ते कुणी बघत नाही. अल्पना ते बघायची. दुसऱ्याची किडनी पोटात घेऊन जगणाऱ्या माणसाचं तर बघावंच लागतं, कारण शरीर मोठं कोतं असतं, परका अवयव त्याला कळतो आणि ते त्याच्यावर उठतं. त्याला दिवसातून दोनदा, बारा-बारा तासांनी, औषध देऊन गप्प बसवायचं. औषध कमी पडलं तर शरीर किडनीवर उलटतं आणि जास्त झालं तर औषधच किडनीला नासवतं. मधली वाट बोटभर रुंद. ती रक्त तपासून मोजतात आणि त्या मापाला सगळे 'लेव्हल' म्हणतात.

देवासच्या त्या केंद्रात दर बुधवारी इंदूरहून डॉक्टर विक्रमसिंह येत. जानेवारीतल्या अशाच एका बुधवारी त्यांनी उमाशंकरकाकांचा रिपोर्ट अल्पनापुढे सरकवला. ऑक्टोबरात लेव्हल सात होती, डिसेंबरात पाच, आता तीन. किडनीचा आकडाही, जो खाली असलेलाच बरा, वर सरकायला लागला होता.

"ये आदमी गोली नहीं खा रहा," डॉक्टर म्हणाले. "डोस बढ़ाओ. अगले हफ्ते तक नहीं सुधरा तो बायोप्सी."

"सर, डोस एक दिवस आहे तोच राहू द्या. औषध कुठे गळतंय ते कळल्याशिवाय वाढवलं आणि मग गळती थांबली, तर लेव्हल एकदम चढेल."

डॉक्टर माणूस वाईट नव्हते. पण एका सकाळी पन्नास पेशंट बघायचे म्हटल्यावर संशय घेण्यापुरताच वेळ उरतो, चौकशीला उरत नाही. "कल शाम तक," ते म्हणाले. "मैं किडनी के साथ जुआ नहीं खेलता."

बाहेर बाकावर बहीणभाऊ बसले होते. उमाशंकरकाका एकसष्टीचे, सिंचन खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. निम्मी नोकरी खातेगावला झाली होती, म्हणून बोलण्यात माळवी मुरलेली. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती आणि मुलगा अंशुल पुण्यात होता. किडनी द्यायला अंशुल तयार होता, पण काकांच्या थोरल्या बहिणीनं, अक्कांनी, त्याला दटावून बसवलं होतं. तुझं अख्खं आयुष्य जायचंय, माझं झालं जगून, असं म्हणून त्या धारहून आल्या आणि ऑपरेशनच्या टेबलावर जाऊन आडव्या झाल्या. त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून धारच्या घराला कुलूप लावून त्या देवासला भावापाशीच राहत होत्या.

अल्पनानं दोघांना आपल्या खोलीत बोलावलं. अक्कांनी पिशवीतून औषधांचा डबा काढला. स्वच्छ घासलेला पितळी डबा, आत प्रत्येक औषधाचा वेगळा कप्पा. अल्पनानं कॅप्सूल मोजल्या. सकाळी दोन, रात्री दोन या हिशेबानं जितक्या उरायला हव्यात तितक्याच उरल्या होत्या, एकही कमी नाही की जास्त नाही.

"वेळ?" अल्पनानं विचारलं.

"नऊ आणि नऊ," अक्का म्हणाल्या. "घड्याळ दहा सेकंद पुढे होतं, ते मी परवा नीट करून घेतलं."

"काही काढा? गुळवेल, आयुर्वेदिक, कुणी सजेस्ट केलेलं?"

"तूच नको म्हणाली होतीस ना गं? मग कशास देईन?"

"उलटी, जुलाब?"

"नाही हो, काही नाही," काका म्हणाले, पण म्हणण्याआधी त्यांनी अक्कांकडे पाहिलं. हे अल्पनाच्या लक्षात आलं. प्रत्येक उत्तराआधी ते तिकडे पाहत होते.

इथेच घोडं पेंड खात होतं. औषध डब्यातून नीट निघत होतं आणि रक्तात पोचत नव्हतं. अल्पना विचार करत होती, तेवढ्यात दाराशी डॉक्टर थांबले. त्यांना पलीकडच्या खोलीत जायचं होतं, जाता जाता ते बोलून गेले, "काकाजी, दीदी ने किडनी दी है. गोली नहीं खाओगे तो चली जाएगी, फिर मत कहना."

डॉक्टर गेले. अक्का हळूहळू भावाकडे वळल्या.

"उमा, काय म्हणाले ते?"

काका आपल्या चपलांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "चुकते कधी कधी, अक्का."

"चुकते म्हणजे? मी पुढ्यात उभी असते."

"तू वळलीस की टाकून देतो. बेसिनमध्ये."

अक्का भांडल्या नाहीत. त्यांनी डबा पिशवीत ठेवला आणि पिशवीची चेन लावायला लागल्या, तर ती लागेना. "कापून दिली रे मी," त्या एवढंच म्हणाल्या.

अल्पनाला वाटलं, उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा. पण अक्का सोवळ्याओवळ्याच्या, हात चालेल की नाही या विचारात तो टेबलावरच राहिला. आणि त्याच वेळी तिला काकांच्या बोलण्यातलं काहीतरी खटकलं. आठ वर्षांत तिनं शेकडो खोटं बोलणारी माणसं पाहिली होती. न घेतलेली गोळी घेतली म्हणणारे, बिडी सोडली म्हणून बिडीचा वास दरवळवत बसणारे. पण माणूस खोटं बोलतो ते अंगावरची बला टाळायला. हा गृहस्थ ती अंगावर ओढून घेत होता.

"अक्का, उद्या सकाळी साडेआठला मी घरी येते," ती म्हणाली.

"आता कशाला? बघायचं काय राहिलंय?"

"चहाला येते."

"आमच्याकडे चहा साडेनऊनंतर होतो."

"मग साडेनऊपर्यंत बसते."

अक्कांनी तिच्याकडे पाहिलं. ही पोरगी चिवट आहे, हे त्यांना कळलं असावं. "ये," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गारठा असा होता की देवासची देवीची टेकडीसुद्धा धुक्यात बुडाली होती. कॉलनीतलं छोटं घर, पुढे तुळस, स्कूटरवर टाकलेली जुनी चादर. अक्कांनी दार उघडलं. त्यांची नुकती अंघोळ झालेली, केस ओले. काका पूर्वेकडे तोंड करून खुर्चीत बसले होते. घरात कुणी कुणाशी बोलत नसावं, कारण अल्पना येताच दोघंही एकदम तिच्याशी बोलायला लागले.

"रोज जसं करता तसंच करा," तिनं सांगितलं. "मी इथे नाहीच असं समजा."

"मी घेऊन टाकतो ना माझी माझी," काका घाईनं म्हणाले. डब्याकडे त्यांनी हातही पुढे केला. "अक्काला कशाला त्रास? दे इकडे."

"तुझ्या हातात दिली की कुठे जाते ते कळलं काल," अक्का म्हणाल्या आणि डबा घेऊन स्वयंपाकघरात गेल्या.

अल्पना मागोमाग गेली. उंबऱ्यापाशी थांबून तिनं विचारलं, "आत येऊ?" तिचे आजोबा देवास संस्थानच्या थोरल्या पातीच्या पागेत घोड्यांची निगा राखत आणि अशा स्वयंपाकघरांची हद्द कुठे सुरू होते, हे त्या घराण्यात पिढ्यानपिढ्या ठाऊक होतं. अक्का क्षणभर घुटमळल्या. "पाय धुऊन ये," त्या म्हणाल्या.

ती पाय धुऊन आत आली तशी अक्कांनी दार लोटून घेतलं. "त्याला सांगायचं नाही," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "शपथ आहे तुला."

मग त्यांनी चांदीची लहान वाटी घेतली. वाटीत चमचाभर मध. एक कॅप्सूल दोन्ही हातांच्या चिमटीत धरली, पिळली आणि ती उघडून आतली पांढरी भुकटी मधावर झटकली. दुसरीचंही तसंच केलं. मध कालवला. शेजारी दुधाचा पेला तयार होता, वर तुपाचा थर. आणि उघडलेल्या कॅप्सूलची टरफलं त्यांनी टोपलीत टाकली नाहीत. फडताळातून एक बरणी काढली, तोंडाला बांधलेलं पांढरं फडकं सोडलं आणि टरफलं आत ठेवली. बरणी अर्ध्याहून अधिक भरली होती.

अल्पना बघतच राहिली. "अक्का, हे काय?"

"आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर व्हिडिओ आला होता. ही वरची टरफलं गाईच्या हाडांची असतात म्हणे. नवरात्राच्या आदल्या दिवशी पाहिला मी तो." अक्का बरणीकडे पाहत होत्या. "त्याला सांगितलं असतं तर त्यानं औषधच सोडलं असतं, आणि देवाला काय तोंड दाखवू म्हणत बसला असता. म्हणून मीच काढून टाकते. त्याच्या पोटात जायला नको. आणि हाडं ती, केराच्या टोपलीत कशी टाकू? बरणी भरली की नेमावरला नेईन आणि नर्मदेत सोडीन. मी शिवते, म्हणून मागाहून पुन्हा अंघोळ करते. दोन्ही वेळा."

"रात्रीही? या थंडीत?"

"मग? शिवल्यावर काय तशीच निजू?"

अल्पनानं बरणी उजेडात धरली. प्रत्येक टरफलाला आतून पांढरी पूड चिकटली होती. साडेतीन महिन्यांचं औषध, कणाकणानं, नर्मदेला निघालं होतं. उरलेल्यातलं काही वाटीला लागत होतं, काही चमच्याला, आणि पोटात जे जात होतं त्याच्यावर दूध-तुपाचा पेला. तूपकट पोटात हे औषध नीट भिनत नाही, हे अल्पनानं पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिलं होतं. पण अक्कांना औषध उष्ण पडेल याची भीती कागदापेक्षा मोठी होती.

हसावं की रडावं, तिला कळेना. रागवावं असं मात्र एकदाही वाटलं नाही. या बाईनं एक किडनी दिली होती आणि वर रोज दोन वेळा गार पाण्याची शिक्षाही स्वतःच भोगत होती.

"अक्का, बसा," ती म्हणाली आणि स्वतः आधी खाली बसली. मग तिनं सगळं सावकाश सांगितलं. टरफलात काय राहतं, तुपानं काय होतं, लेव्हल का उतरली. अक्का ऐकत होत्या. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"म्हणजे तो टाकत नव्हता?"

"नाही."

"मीच." त्या थांबल्या. "मीच घालवत होते."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं. आणि मी विचारलं नाही. वेळ विचारली, काढा विचारला, पण देता कसं ते विचारलं नाही. ती चूक माझीच."

पण अक्कांचं लक्ष तिकडे नव्हतं. त्या उठल्या आणि दार उघडून बाहेर गेल्या. "उमा, मी कॅप्सूल फोडून देते, तुला माहीत होतं?"

काकांनी मान खाली घातली. "पहिल्याच दिवशी कळलं. मध कडू लागला."

"मग बोलला का नाहीस? काल या पोरीसमोर स्वतःच्या अंगावर का घेतलंस?"

"काय बोलू?" काका म्हणाले. "तुझी किडनी पोटात घेऊन बसलोय मी, अक्का. तू तुपात दे, मधात दे, दगड दे, मी गिळीन. तुला नाही म्हणायला माझ्याजवळ तोंड कुठे आहे? आणि तुझ्या हातून माझी किडनी चालली, हे तुला कुणी सांगू नये, एवढंच मला वाटत होतं."

अक्का तिथेच भिंतीला टेकल्या. अल्पनाला जे बोलायचं होतं ते आता बोलणं तिच्या जिवावर आलं होतं. पण न बोलून चालणार नव्हतं.

"काका, आणखी एक," ती म्हणाली. "ही भुकटी उघडी हाताळायची नसते. आपली प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आहे ते. अक्कांच्या बोटांना लागतंय, नाकातून थोडं जात असेल. प्रमाण कमी आहे, मी उगाच घाबरवत नाही. पण रोजचं आहे आणि त्यांनाही किडनी एकच आहे. त्यांचंही रक्त तपासून घेऊ."

काका खुर्चीतून उठले. मूग गिळून बसल्यानं अक्काचं मन राखलं जातंय, असा त्यांचा समज होता. तो त्या एका वाक्यानं पार धुऊन गेला. ते अक्कांच्या हातांकडे पाहत राहिले.

"रात्री नळाचा आवाज यायचा," ते म्हणाले. "मी पांघरुणात पडून ऐकायचो. रोज. उठून विचारलं नाही कधी."

घड्याळात नऊला पाच कमी होते. अक्का पुटपुटल्या, "आणि टरफलात गाईचं हाड असतं म्हणून मी फोडत होते, ते खोटं आहे का?"

खोटं सांगणं सोपं होतं. दोघांनाही बरं वाटलं असतं. "खोटं नाही," अल्पना म्हणाली. "गाईचंच असं नाही, पण जनावराच्या हाडांपासून करतात बहुतेक. दुसऱ्या तऱ्हेच्या टरफलात मिळतंय का, मी पक्कं विचारते. मिळेलच असा वायदा करत नाही. आणि मिळालं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलायचं नाही. आज आपल्याजवळ हेच आहे."

आत जाऊन अक्कांनी दोन नव्या कॅप्सूल ताटलीत आणल्या, अख्ख्या. दुसऱ्या हातात दुधाचा पेला होता. इतक्या दिवसांची सवय अशी एका सकाळीत सुटत नाही. "निदान हे तरी घे वर," त्या म्हणाल्या. "थंडी आहे. घोटभर."

काकांनी पेल्याकडे पाहिलं. मग बहिणीकडे पाहिलं. अल्पनाकडे त्यांनी या वेळी पाहिलं नाही.

"नको, अक्का."

अक्का पेला धरून उभ्याच होत्या. काकांनी स्वतः तांब्यातलं पाणी घेतलं आणि दोन्ही कॅप्सूल एका दमात गिळल्या. घड्याळात नऊचे ठोके पडले. अक्का वळल्या आणि आत निघून गेल्या, त्या परत बाहेर आल्या नाहीत. साडेनऊचा चहा काकांनीच केला, आणि तो अगदीच पाणचट होता.

निघताना अल्पनानं दाराबाहेरून विचारलं, "अक्का, बरणी मी नेऊ? नदीत औषध सोडायचं नसतं. दवाखान्यातून असल्या गोष्टी भट्टीत जाळायला जातात."

आतून उत्तर आलं, "अग्नी चालेल."

दुपारी तिनं डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. डोस तोच ठेवायचा, कॅप्सूल अख्खी, दूध-तूप तासाभरानं. मग डॉक्टर म्हणाले, "अच्छा. मैं बुधवार को काकाजी से माफी माँगूँगा." आणि ते मागणार हे तिला ठाऊक होतं.

तो आठवडा अल्पनाला जड गेला. औषधाची तिला काळजी नव्हती. अक्कांची होती. सदुसष्ट वर्षांच्या बाईला, जिनं पोट कापून दिलं, तिलाच जाऊन आपण सांगितलं की तुझ्याच हातांनी तू ते घालवत होतीस. खरं होतं, सांगायलाच हवं होतं, पण काही खरी वाक्यं माणसाला म्हातारं करून जातात. अक्का कुलूप काढून धारला परत गेल्या तर काका एकटे पडतील, असंही तिच्या मनात येई. ती आईवर विनाकारण चिडली. दोनदा फोन उचलला आणि ठेवला.

बुधवारी सकाळी रिपोर्ट आले. लेव्हल साडेसहा. किडनीचा आकडाही खाली उतरायला लागला होता, पूर्वीच्या जागी यायला अजून वेळ होता, पण वळला होता. अक्कांचं रक्तही ठीक होतं. अल्पनानं कागद दोनदा वाचला.

दार ढकलून अक्का एकट्याच आत आल्या. काका बाहेर डॉक्टरांपाशी होते, आणि डॉक्टर, खरंच, त्यांचा हात हातात धरून काहीतरी बोलत होते. अक्का खुर्चीत बसल्या. चेहरा तांबारलेला, ओठ घट्ट मिटलेले. अल्पनानं मनाची तयारी केली.

"तू चांगलं केलं नाहीस बघ," अक्का म्हणाल्या.

"काय झालं, अक्का?"

"काय व्हायचंय? नाही म्हणायला शिकवलंस ना त्याला, आता तो दुसरं काही बोलतच नाही. दूध नको. मफलर नको. रात्री दिवा मालव म्हटलं तर पेपर वाचायचाय. परवा दोडक्याची भाजी केली, तर ताट सरकवून म्हणतो, अक्का, दोडका मला लहानपणापासून आवडत नाही, हे तुला माहीत असून तू करतेस. मी म्हटलं, दीड वर्ष तर मुकाट्यानं खाल्लास. तर म्हणतो, दीड वर्ष मी जेवत नव्हतो, उपकार फेडत होतो."

"मग?"

"मग काय? भांडलो. चांगले तासभर भांडलो. शेजारची भिंतीवरून डोकावून गेली." अक्कांनी पदरानं नाक पुसलं, मग डोळेही पुसले, आणि ते लपवायची तसदी घेतली नाही. "आईच्या घरी भांडायचो तसे. इतके दिवस माझ्याशी नुसता पाहुण्यासारखा वागत होता गं तो."

अल्पनानं रिपोर्ट त्यांच्यापुढे ठेवला. अक्कांनी आकड्यांकडे पाहिलंही नाही. त्या दाराकडे पाहत होत्या. बाहेर काका कुणाशी तरी मोठ्यानं बोलत होते.

"परवा दोडका सरकवला ना त्यानं," अक्का म्हणाल्या, "तेव्हा मला वाटलं, आता किडनी त्याची झाली."